वाया सुताचा कोळसा आणि लडीच्या रंगाचं पाणी

सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून एका गृहस्थांनी प्रश्न विचारलाय. त्यांचं लड्या रंगवायचं छोटं युनिट आहे. दिवसाला शंभर किलोच्या आसपास सुती सूत रंगतं, रंग बहुतेक रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड करणारे), शेड नेव्ही, मरून आणि काळी. रोज साधारण २० हजार लिटर पाणी बाहेर पडतं. आजूबाजूच्या मागांवरून वाया सूत, गुंता, चिंध्या असा तीस-चाळीस किलो माल त्यांना जवळजवळ फुकटात मिळू शकतो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. अशा वाया तंतूंपासून ॲक्टिव्हेटेड कार्बन (बारीक छिद्रांचा, रंग धरून ठेवणारा कोळसा) करता येतो आणि तो पाण्यातला ९९ टक्के रंग काढतो, असं त्याच्या वाचनात आलं. तर भट्टी बांधावी का, आणि ती बांधली की रंगाचा गाळ बसवायला लागणारं हिराकस (फेरस सल्फेट), चुना, तुरटी हे सगळं बंद करता येईल का, असं ते विचारतात.

मी गेली वीसेक वर्षं कुपवाड-माधवनगर भागातल्या डाईंगवाल्यांचे ईटीपी (सांडपाणी साफ करायचे प्लँट) बघतोय. त्या अनुभवावरून सांगतो. सुती वाया मालाचा कार्बन होतो, तो रंगही काढतो, आणि ९९ टक्के हा आकडाही खोटा नाही. पण तो आकडा बहुधा तुमच्या पाण्याचा नसतो, आणि सगळी गोची तिथेच आहे.

प्रयोगशाळेत कार्बनची परीक्षा बहुतेक वेळा मिथिलीन ब्ल्यू या रंगावर घेतात. हा रंग लहान रेणूचा आहे, रेणुभार ३२० च्या आसपास, आणि पाण्यात त्याच्यावर धन भार असतो. तुमच्या काळ्या शेडमध्ये बहुधा असणारा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या. त्याचा रेणुभार हजाराच्या जवळ जातो आणि भार ऋण. म्हणजे वजनाने तिप्पट आणि स्वभावाने उलटा. मी नवीन असताना नारळाच्या करवंटीचा कार्बन मिथिलीन ब्ल्यूवर वापरून बघितला होता. दहा मिनिटांत ग्लास नितळ झाला. त्याच कार्बनवर एका युनिटचं खरं नेव्हीचं पाणी ओतलं, तर दोन तासांनीसुद्धा ते जांभळाच्या रसासारखंच होतं. कार्बन चांगलाच होता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

याचं कारण छिद्रांत आहे. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये पाचशे ते दीड हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो, पण तो सगळा बारीक छिद्रांच्या आत दडलेला. दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रात आयोडीन सहज शिरतं, म्हणून आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा) मोठा दिसतो. रिॲक्टिव्ह रंगाचा मोठा रेणू मात्र दारातच अडकतो. त्याला दोन नॅनोमीटरच्या वरची रुंद छिद्रं लागतात. म्हणून कार्बन विकत घ्या नाहीतर घरी करा, नुसत्या आयोडीन नंबरवर हुरळून जाऊ नका.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. तुम्ही रंगाबद्दल विचारताय, कारण डोळ्यांना रंग दिसतो. पण तुमच्या पाण्यात रंगाइतकीच मोठी अडचण मिठाची आहे, आणि ती दिसत नाही. लडीला आपण साधारण एकास वीस पाणी घेतो. शंभर किलो सुताला २००० लिटरची बाथ, म्हणजे रंगवायचं पाणी. गडद शेडला लिटरमागे ६० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) धरलं तर १२० किलो, आणि सोडा ॲश २० ग्रॅमने ४० किलो. हे १६० किलो कुठेच जात नाही. सूत ते खात नाही, हवेत ते उडत नाही. तुमच्या २० हजार लिटरमध्ये मिसळलं की लिटरमागे ८ ग्रॅम, म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला ८००० मिलिग्रॅमच्या घरात. केंद्राने २०१६ साली कापड उद्योगासाठी जी मानकं काढली त्यांत टीडीएसची मर्यादा २१०० मिलिग्रॅम आहे, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं माप), आणि पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारे सीओडी २५० व बीओडी ३०. तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात जे आकडे लिहिलेत तेच तुम्हाला लागू, ते आधी काढून बघा. पण कार्बन मिठाचा एक कणही धरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पाणी बिसलेरीसारखं नितळ दिसेल आणि तरीही ते शेतात सोडलं तर जमीन खारवेल. येरळेसारख्या नदीत वर्षातले बरेच महिने वाहतं पाणीच नसतं, तिथे असं पाणी पातळ करणारं दुसरं काही नाही. ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते आणि खालची गावं ते पाणी पितात.

मग रंगाचा हिशेब करू. हा हिशेब बहुतेक लोक लिटरमध्ये करतात आणि तिथेच फसतात. कार्बनला लिटर कळत नाही, त्याला रंगाचं वजन कळतं. शंभर किलो सुताला सरासरी ४ टक्के शेड धरली तर दिवसाला ४ किलो रंग. रिॲक्टिव्ह रंगाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा सुताला न चिकटता पाण्याशीच जुळून जातो आणि पुन्हा कधी चिकटत नाही. म्हणजे रोज एक ते सव्वा किलो रंग गटारात. माझ्या अनुभवात खऱ्या पाण्यात चांगल्या कार्बनच्या एका किलोने ५० ते १०० ग्रॅम रिॲक्टिव्ह रंग धरला तर मी समाधान मानतो. त्या हिशेबाने तुम्हाला रोज दहा ते पंचवीस किलो कार्बन लागेल.

आणि तुमच्या मालातून निघेल किती? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यात मुळात कार्बन ४४ टक्केच. बाकीचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन भट्टीत जातो, आणि जाताना बराचसा कार्बनही धुरातून आणि डांबरातून घेऊन जातो. वाफेने ॲक्टिव्हेट केलेला कार्बन शंभर किलोला पंधरा-वीस किलो उरला तर चांगलं. म्हणजे तुमच्या ३५ किलो मालातून रोज पाच ते सात किलो. गरज दहा ते पंचवीसची, हातात पाच ते सात. सगळ्या पाण्यासाठी, बाकीचं सगळं बंद करून, हा कार्बन पुरणार नाही. पण याचा अर्थ तुमची कल्पना टाकाऊ आहे असा नाही. योग्य जागी वापरला तर एवढाच कार्बन बरंच काम करेल. ती जागा कुठली, ते पुढे सांगतो.

त्याआधी कार्बन करण्याबद्दल, कारण इथे पैसा आणि जीव दोन्ही गुंतलेत.

माल निवडताना फक्त सुती आणि व्हिस्कोस घ्या. पॉलिस्टर २५५-२६० अंशांना वितळतं आणि त्याचा चिकट गोळा होऊन भट्टीच्या भिंतीला बसतो. सूत कशाचं हे ओळखायची जुनी युक्ती तुम्हाला माहीतच आहे. काडी लावा, कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर कापूस, टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. स्वेटरचं ॲक्रेलिक सूत आणि लोकर यांना तर भट्टीच्या जवळही येऊ देऊ नका. त्यांत नायट्रोजन असतो, आणि हवा कमी असताना ती तापवली की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. कोटिंगवाला, प्लॅस्टिकची छपाई असलेला कपडाही नको. सायझिंगचं सूत असेल तर गरम पाण्याने धुऊन खळ काढा, नाहीतर राख वाढते. आणि आधीच रंगवलेला माल, विशेषतः फिरोजी शेडचा, बाजूला ठेवा. त्या रंगात बहुधा तांबं असतं, ते राखेत उरून पाण्यात उतरू शकतं. पांढरं, कोरं सूत सगळ्यात उत्तम.

नुसतं बंद ड्रममध्ये जाळलं की कोळसा होतो, ॲक्टिव्हेटेड कार्बन होत नाही. अनेक जण इथेच थांबतात आणि "कार्बनने काही होत नाही" म्हणून मोकळे होतात. साडेतीनशे-चारशे अंशांना सेल्युलोज मोडून कोळसा तयार होतो, पण त्याची छिद्रं डांबराने बुजलेली असतात. ती उघडायला पुढे ८०० ते ९०० अंशांवर वाफ सोडावी लागते. ती वाफ कोळशाचा थोडा भाग खाते आणि छिद्रं रुंद करते. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यामुळे भट्टी आणि ताप यांची जाण असलेलं माणूस तुम्हाला विट्यात शोधावं लागणार नाही. फक्त त्यांना एक फरक आधी समजावून सांगा. त्यांच्या भट्टीत हवा फुंकतात, या भट्टीत हवेला येऊ द्यायचं नसतं. साधा लोखंडी ड्रम ९०० अंशांवर काही फेऱ्यांत गळून जातो, हेही खर्चात धरा. निघणारा धूर म्हणजे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. तो वर नेऊन पुन्हा जाळायलाच हवा. भट्टीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवेची संमती वेगळी लागते. आणि गरम कार्बन कधीही उघडायचा नाही. पूर्ण थंड होईपर्यंत झाकण बंद. मी एकदा घाईघाईने उघडलेला ड्रम पाहिलाय. हवा लागली तशी दोन मिनिटांत सगळी रास लालबुंद झाली, आणि दिवसभराच्या मालाची पांढरी राख हाती आली.

दुसरी पद्धत फॉस्फोरिक ॲसिडची. सूत ॲसिडात भिजवायचं, वाळवायचं आणि ४५०-५०० अंशांना तापवायचं. ताप कमी लागतो आणि उतारा जास्त, ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत. तुमच्या मुलाने वाचलेले बरेच प्रयोग याच पद्धतीचे असतील. पण यात दोन गोष्टी आहेत. सुताच्या वजनाइतकं किंवा दुप्पट ॲसिड लागतं आणि ते धुऊन काढायला भरपूर पाणी. त्या धुवणातलं फॉस्फेट ओढ्यात गेलं तर शेवाळ माजवतं. म्हणजे रंगाचं पाणी साफ करायला निघालो आणि दुसरं पाणी खराब केलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ॲसिडने केलेल्या कार्बनचा पृष्ठभाग आंबट असतो, साध्या पाण्यात त्याच्यावर ऋण भार येतो. धन भाराच्या मिथिलीन ब्ल्यूला तो मिठी मारतो, ऋण भाराच्या रिॲक्टिव्ह रंगाला मात्र ढकलून देतो. वाफेचा कार्बन उलट क्षारधर्मी असतो आणि तुमच्या रंगाला जास्त मानवतो. म्हणून तुमच्या कामाला मी वाफेचाच कार्बन निवडेन, उतारा कमी आला तरी. तुमचे रंग बेसिक, म्हणजे धन भाराचे असते तर कदाचित वेगळं बोललो असतो.

हे सगळं वाचून भट्टीचा विचार डोक्यातून गेला असेल तर त्यातही काही चूक नाही. पाच-सहा किलोसाठी रोज भट्टी पेटवणं हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं काम आहे. दोन-चार युनिटांनी मिळून एक भट्टी चालवली तर ते जमू शकतं. एकट्याने करायचं असेल तर आधी बाजारातला कार्बन आणून खालची सगळी पद्धत बसवा. ती बसली आणि मग घरच्या मालाने पैसे वाचतात असं दिसलं, तर भट्टी बांधा. उलट क्रमाने गेलात तर भट्टी उभी राहील आणि पाणी तसंच वाहत राहील.

आता योग्य जागेबद्दल. तुमच्या २० हजार लिटरमध्ये सगळं पाणी सारखं नाही. २००० लिटरची रंगाची बाथ एकीकडे, आणि त्यानंतरची धुवणं, सोपिंग (साबणाच्या गरम पाण्यातली धुवण), पुन्हा धुवण हे १८ हजार लिटर दुसरीकडे. जवळजवळ सगळं मीठ आणि सोडा त्या २००० लिटरमध्ये आहे, आणि वाया जाणाऱ्या रंगापैकी निम्म्याच्या आसपास रंगही. उरलेला सोपिंगला सुटतो. आज तुम्ही हे दोन्ही एकाच गटारात सोडता, म्हणजे घट्ट पाणी दहापट पातळ करता आणि मग ते साफ करायला बसता. माझा पहिला सल्ला कार्बनचा नाहीच. रंगाच्या टाकीखाली दुसरा व्हॉल्व्ह लावा आणि बाथचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. एवढं केलं की निम्मं काम झालं.

या घट्ट पाण्यात कार्बन जास्त चांगलं काम करतो, याला दोन कारणं आहेत. रंग जितका घट्ट तितका एका किलो कार्बनवर तो जास्त चढतो. आणि मीठ, जे बाकी सगळीकडे आपला शत्रू आहे, ते इथे मदतीला येतं. ज्या कारणाने आपण बाथमध्ये मीठ टाकून रंग सुतावर ढकलतो, त्याच कारणाने मिठाच्या पाण्यात रंग कार्बनवर ढकलला जातो. त्या २००० लिटरमध्ये पाचशे-साडेसहाशे ग्रॅम रंग, आणि तुमच्याकडे पाच-सात किलो कार्बन. वरच्या टोकाने, किलोमागे १०० ग्रॅमने धरलं, तर हिशेब इथे जुळायला लागतो. सगळ्या पाण्यासाठी तो जुळत नव्हता.

पण बाथ गरम असते आणि तिचा पीएच साडेदहा-अकराला. आधी थंड होऊ द्या, मग पातळ सल्फ्युरिक ॲसिडने पीएच सातच्या जवळ आणा. ॲसिड हळूहळू, पाण्यात सोडायचं, कारण सोड्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो. यात एक चांगली गोष्ट घडते. सोडा ॲश आणि सल्फ्युरिक ॲसिड मिळून सोडियम सल्फेट तयार होतं, म्हणजे तुमचं ग्लॉबर सॉल्टच. चाळीस किलो सोड्याचं पन्नासेक किलो ग्लॉबर होतं. रंग काढून टाकलेलं हे पाणी मग नुसतं सांडपाणी राहत नाही, ते मिठाचं तयार पाणी होतं. तेच पुढच्या काळ्या किंवा नेव्हीच्या बाथला वापरून बघा. हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायची नळी) लावून त्यात मीठ किती आहे ते पाहा आणि कमी असेल तेवढंच वरून टाका. पीएच मात्र सातच्या आत हवा, कारण सुरुवातीलाच क्षार राहिला तर रंग घाईने आणि डागाडागाने चढतो. हलक्या शेडला हे पाणी अजिबात वापरू नका. आधी पन्नास ग्रॅमची लडी रंगवून नमुना बघा, मगच मोठा लॉट.

कार्बन कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळकांड्यात, भरायच्या भानगडीत पडू नका. सुताचा कार्बन हलका असतो, हाताने दाबला तरी चुरा होतो. कॉलममध्ये तो बसतो, पाणी त्यातून एकाच बाजूने वाट काढतं आणि बाकीचा कार्बन कोरडाच राहिल्यासारखा. त्यापेक्षा भुकटी करून टाकीत मिसळा, दोन तास ढवळा आणि चांगल्या कापडाच्या फिल्टर प्रेसमधून काढा. गाळण्यात कसर ठेवू नका. पाण्यात कार्बनचे कण राहिले तर पुढच्या लडीवर काळे ठिपके येतील आणि तुम्ही दोष रंगाला द्याल.

आणखी एक युक्ती, जी धुवणाऱ्याला लगेच पटते. शेवटच्या धुवणाचं जवळजवळ स्वच्छ पाणी आपण पुढच्या लॉटच्या पहिल्या धुवणाला वापरतो. कार्बनचंही तसंच करा, फक्त उलट्या दिशेने. कालचा वापरलेला कार्बन आजच्या ताज्या, घट्ट पाण्यात आधी टाका. घट्ट पाण्यात तो अजून थोडा रंग धरतो. तो काढून टाका आणि मग उरलेल्या फिकट पाण्यात आजचा नवा कार्बन घाला. तोच उद्या पहिल्या फेरीत वापरायचा. एकाच फेरीत सगळा कार्बन ओतण्यापेक्षा यात बराच कमी लागतो.

उरलेल्या १८ हजार लिटरसाठी हिराकस-चुना बंद होणार नाही, पण डोस कमी होईल. तुमच्याकडच्या गुऱ्हाळाचं उदाहरण घ्या. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालतात, मळी गोळा होऊन वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढतो. हिराकस आणि चुना तेच काम करतात, फक्त मळी खाली बसते. रिॲक्टिव्ह रंगावर नुसती तुरटी फार चालत नाही, हिराकस-चुना बरा चालतो. जाता जाता सांगतो, आपल्या धंद्यात पॉलीॲल्युमिनियम क्लोराइडलाही पीएसी म्हणतात आणि भुकटी कार्बनलाही पीएसीच. ऑर्डर देताना पूर्ण नाव लिहा. मी एका युनिटमध्ये कार्बनच्या जागी दुसरंच पोतं उतरवलेलं पाहिलंय.

आणि या १८ हजार लिटरचा टीडीएस? बाथमधून काढलेली लडी आपल्या वजनाच्या दोन-तीनपट पाणी घेऊन जाते, म्हणजे मिठाचा दहा-पंधरा टक्के भाग तिच्याबरोबर धुवणात जातो. सोळा ते चोवीस किलो. १८ हजार लिटरमध्ये ते लिटरला एक ग्रॅमच्या आसपास बसतं. तुमचं बोअरचं पाणी किती खारं आहे त्यावर पुढचं अवलंबून, पण ८००० वरून तुम्ही २१०० च्या हाकेच्या अंतरावर येता. बाथ वेगळी केल्यावर लडी पिळून किंवा हायड्रोमधून (गरगर फिरवून पाणी काढायच्या यंत्रातून) काढून मग धुवायला टाकली तर आणखी कमी.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, बाथ वेगळी करा, तिचा पीएच आणा, कार्बन तिथेच वापरा, ते मिठाचं पाणी फिरवा, आणि धुवणाचं पाणी हिराकस-चुन्याच्या रस्त्याने जाऊ द्या. याच्याही आधी रंग वाया जाणं कमी करता येतं का ते बघा. बोअरचं जड पाणी असेल तर सॉफ्टनर, मीठ एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने, आणि सुताला धरणारे दोन रासायनिक गट असलेले, जास्त चिकटणारे रिॲक्टिव्ह रंग. वाया जाणारा रंग ३० टक्क्यांवरून २० वर आला तर तुमच्या कार्बनची गरजही तिसऱ्या हिश्श्याने घटते, आणि तो रंग तुम्ही पैसे मोजूनच आणलेला असतो.

एक गोष्ट मात्र करू नका. पाणी नितळ दिसावं म्हणून ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रो सल्फाइट ओतणारे लोक आहेत. रंग जातो, पण रंगाचा रेणू मोडून त्याचे तुकडे पाण्यातच राहतात. ॲझो रंगाच्या तुकड्यांतली काही ॲमिनं मूळ रंगापेक्षा घातक असतात. नमुना बाटलीत छान दिसतो आणि खाली विहिरीत विष झिरपत राहतं. मला हे फार वाईट वाटतं, कारण त्या विहिरी आपल्याच लोकांच्या असतात.

आता, काहीही खर्च करायच्या आधी, घरी करता येईल अशी परीक्षा. बाथचं पाणी थंड करून पीएच सातवर आणा. सहा बाटल्यांत अर्धा-अर्धा लिटर घ्या. पहिलीत कार्बन घालू नका, बाकीच्यांत अर्धा, एक, दोन, चार आणि आठ ग्रॅम घाला. दोन तास हलवत ठेवा आणि सहाही बाटल्या गाळून घ्या, बिनकार्बनची सुद्धा, कारण गाळणकागदही थोडा रंग धरतो. मग बिनकार्बनच्या बाटलीतलं गाळलेलं पाणी नळाच्या पाण्याने निम्मं, चौथाई, दहावा हिस्सा, विसावा हिस्सा असं पातळ करून त्यांच्या बाटल्या शेजारी लावा. पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात बघा. चार ग्रॅमची बाटली दहाव्या हिश्श्याच्या बाटलीसारखी दिसत असेल, तर चार ग्रॅमने दहात नऊ हिस्से रंग काढला. मुलाच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर उत्तम, नसला तरी डोळ्याने हिशेब लागतो. त्यातून तुमच्या पाण्याला, तुमच्या शेडला, लिटरमागे किती कार्बन हे कळेल. नेव्ही, मरून आणि काळ्याची परीक्षा वेगवेगळी करा, तिन्हींचे आकडे वेगळे येतील.

वापरलेला कार्बन आणि चुन्याचा गाळ कुठे जाणार, हे आधी ठरवा. ईटीपीचा रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या नियमांत येतो, तो शेतात किंवा ओढ्याकाठी टाकता येत नाही. परवानगी असलेल्या ठिकाणीच द्यावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. वापरलेला कार्बन कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येईल का, असं लोक विचारतात. थोडा रंग सुटतो खरा, पण मग तो घट्ट रंग तुमच्या हातात परत येतो, कॉस्टिकसकट. तुमच्या आकाराच्या युनिटला ते परवडत नाही. गाळाची पोती उंच ओट्यावर, छपराखाली ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा सांगली भागात जमिनीवर ठेवलेलं किती काय वाहून गेलं, ते आम्ही पाहिलंय. विट्याला तसा पूर नाही, पण एका वळवाच्या पावसातही पोती धुपतात.

आणि शेवटी एक गोष्ट तुमच्या माणसांसाठी. ओला ॲक्टिव्हेटेड कार्बन बंद जागेतल्या हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. कार्बन भरलेली किंवा नुकतीच रिकामी केलेली टाकी वरून अगदी निरुपद्रवी दिसते, वासही येत नाही, आणि आत उतरलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. टाकीत उतरायचं असेल तर आधी पंख्याने बराच वेळ हवा खेळवा, ऑक्सिजन मीटरने मोजा, कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस उभा ठेवा, जो काही झालं तरी स्वतः खाली उतरणार नाही. हे सगळं जमत नसेल तर टाकी अशी करून घ्या की ती धुवायला कुणाला आत उतरावंच लागणार नाही. बाहेरून लांब दांड्याचा ब्रश आणि तळाला मोठा व्हॉल्व्ह, एवढं पुरतं.

सहा बाटल्यांचे आकडे आले की शेड, पीएच आणि कार्बन कुठला ते लिहून इथेच टाका. मग टाकी केवढी आणि प्रेस केवढी लागेल ते आपण बसून काढू.